टपालगाडीचं शेवटचं रीळ

टपालगाडीचा सिनेमा दाखवण्यात ताईचा फायदा अगदी सरळ होता: तिला स्वतःच्या तोंडानं काही बोलावं लागणार नव्हतं.

बोलायचं होतं तेही फार नव्हतं. तिच्या चष्म्यांच्या दुकानासमोर घड्याळांचं दुकान होतं. त्या घड्याळवाल्यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं आणि तिच्या मनात होकार होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, घड्याळवाल्यांचं तर लग्न राहूनच गेलं होतं. कुणाच्या वाटेत कुणी नव्हतं. पण हे दादाला सांगायचं म्हणजे त्याच्या दवाखान्यातल्या खुर्चीत आ करून बसण्यासारखं. दादा दातांचा डॉक्टर, आणि बहिणीच्या आयुष्यातही तो छोटा आरसा घालूनच बघायचा. कधीपासून आहे, गरम लागतं की गार, आधी कुणाला दाखवलं होतं का. आणि शेवटी, घाई नको, सहा महिने थांबून बघू.

सिनेमाला मात्र या घरात कुणी अडवत नसे. बाबा थिएटरात ऑपरेटर होते, आणि त्यांच्या माघारीही घरातलं अवघड बोलणं सिनेमाच्या आडूनच होई. धाकटीनं नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा आधी सगळ्यांना विमानतळावर संपणारा एक सिनेमा दाखवला होता. दादाला वेगळा दवाखाना टाकायचा होता तेव्हा महिनाभर तो भांडकुदळ भागीदारांच्या एका सिनेमाबद्दलच बोलत होता.

टपालगाडीच्या सिनेमात डोंगरावरच्या एका पोस्टात एक विधवा बाई काम करते. रोज संध्याकाळी टपालगाडी वर येते, ड्रायव्हर पोतं देतो, पोतं घेतो, आणि दोघं हवामानाबद्दल बोलतात. शेवटी एक दिवस ती पोस्टाला कुलूप लावते, किल्ली दगडाखाली ठेवते आणि गाडीत त्याच्याशेजारी जाऊन बसते. इथे आई दर वेळी म्हणायची, "बरं केलं तिनं." सिनेमा नुसता आठवला तरी म्हणायची. ताईचा बेत असा, की आईनं हे म्हणायचं, आपण दिवा लावायचा आणि म्हणायचं, मग आई, मीही तसंच करावं म्हणते. आईचं मत तिच्याच तोंडून आधी वदवून घेतलेलं असेल, मग दादाच्या आरशाला आत शिरायला जागाच उरणार नाही.

घड्याळवाल्यांनाही तिनं काउंटरवरून एवढंच सांगितलं होतं: "रविवारी या. सिनेमा शेवटपर्यंत बघा. तेच माझं उत्तर." या वाक्यावर ती इतकी खूश होती, की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला तिनं लांबचा नंबर जवळच्या चष्म्यात घालून दिला.

तिसरा फायदा किरकोळ होता, पण ताईनं तोही सोडला नव्हता. वहिनीचं तोंड एकदाचं बंद होणार होतं.

त्याचं असं होतं. ऑपरेटरची मुलं म्हणून या भावंडांनी लहानपणी कधी तिकीट काढलं नाही. केबिनमधल्या चौकोनी भोकाशी, स्टुलावर चढून ती सिनेमा बघत. मात्र शेवटचं रीळ मशीनवर चढवलं की बाबा म्हणत, "चला, संपला," आणि मागच्या लोखंडी जिन्यानं त्यांना खाली सोडत. खेळ सुटताना मॅनेजर दारात उभा असे आणि फुकट्यांवर त्याचा डोळा असे. त्यामुळे सिनेमातले खुनी कधी सापडत नसतात, अशी दादाची कॉलेजात जाईपर्यंत समजूत होती. पुढे एकेका सिनेमाचा शेवट इकडून तिकडून कळत गेला आणि भावंडं त्यावर हसत गेली. टपालगाडीबद्दल मात्र शंकेला जागा नव्हती. तिच्या शेवटच्या रिळात काय आहे ते खुद्द बाबांनी सांगितलं होतं: नुसती गाडी घाटातून वळणावळणानं खाली जाते, बाकी काही नाही. एकदा तो सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हाही बाई गाडीत बसली आणि आईनं उठून टीव्ही बंद केला. आता नुसता घाट बघत कोण बसणार, म्हणाली.

वहिनी या घरात आली त्याच वर्षी जेवताना सहज बोलून गेली होती, की शेवटी ती बाई परत येते ना, तिथे मला फार रडू आलं होतं. सगळ्यांचे घास हातातच राहिले. ऑपरेटरच्या घरात सिनेमाचा शेवट चुकीचा सांगणारी सून. ही गंमत पुढे कित्येक वर्षं पुरली. वहिनीनं बसची वेळ सांगितली, कुणाचं नातं सांगितलं, दुधाचा हिशेब सांगितला, की दादा गंभीर चेहऱ्यानं विचारे, "ती परत येते ना?" आणि सगळ्यांत आधी ताई हसे. वहिनी शाळेत भूगोल शिकवायची, स्वतःच्या स्मरणशक्तीवर तिचा विश्वास होता. एकदा तिनं जुन्या बाजारातून त्या सिनेमाची जाहिरातीची पुस्तिकाही शोधून आणली. तिच्यात गोष्ट नेमकी पोस्टाच्या कुलपापर्यंत होती आणि खाली छापलं होतं, पुढे काय घडलं ते पडद्यावरच पाहा. त्यानंतर तिनं वाद सोडला. पण रागावली की ती ताईला वन्सं म्हणायची, एरवी ताई. आणि या विषयावर ती कायम वन्संच म्हणत आली होती.

*

दवाखाना रविवारी बंद असतो, आणि बाहेरच्या खोलीची भिंत शहरातल्या कुठल्याही पडद्याइतकी पांढरी होती. दात घासणाऱ्या मुलाचं मोठं चित्र काढून ठेवलं, पेशंटांची बाकं वळवली, आणि धाकटीनं कुणाकडून तरी मागून आणलेला प्रोजेक्टर काउंटरवर ठेवला. जुन्या सिनेमाची नव्यानं साफ केलेली प्रतही तिनंच मिळवली होती. ताईचं गुपित एकट्या तिलाच माहीत होतं. प्रत नीट आहे का ते तिनं तपासलं होतं, म्हणजे पहिली दहा मिनिटं. आवाज उत्तम होता.

आईची पाठ बाकावर टिकत नाही म्हणून तिला आतल्या खोलीत, दादाच्या पेशंटच्या खुर्चीत बसवलं होतं. दादानं पायानं कळ दाबून खुर्ची मागे झुकवली, वरचा दिवा बाजूला फिरवला आणि दार सताड उघडं ठेवलं. जिथे एरवी चिमटे असतात त्या ट्रेमध्ये आईनं आपला चष्मा पुसायचा रुमाल आणि खोकल्याच्या गोळ्या मांडल्या. आतल्या अंधारातून, दाराच्या चौकटीतून बाहेरची भिंत बघताना ती म्हणाली, की हे अगदी केबिनसारखं झालं, फक्त इथे जास्त आराम आहे आणि बिड्यांचा वास नाही.

घड्याळवाले वेळेवर आले, हे सांगायला नको. इस्त्रीचा शर्ट होता आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी वाटोळं. दादाला वाटलं हे प्रोजेक्टर बिघडला तर असावेत म्हणून बोलावलेत. घरात तो त्यांना टिकटिकराव म्हणायचा. त्यांच्या देखत मात्र अहो, या, बसा.

या बैठकीचा नियम एक जुना सिनेमा, एक नवा, आणि नवा आधी. नवा धाकटीनं निवडला होता. परक्या भाषेतल्या सिनेमांखाली ज्या ओळी येतात त्या लिहिण्याचं तिचं काम. पण या सिनेमात तिला कामच फारसं पडलं नव्हतं, कारण त्यातला माणूस जवळजवळ बोलतच नाही. बायकोपासून वेगळा झालेला एक माणूस भाड्याच्या खोलीत राहायला येतो आणि भांडी घासतो. मग कामाला जातो, परत येतो, आणि भांडी घासतो. शेवटी फोन वाजतो, तो आपल्या ओल्या हातांकडे बघतो, आणि अंधार.

"शेवटचं रीळ कुठंय?" दादानं विचारलं.

"एवढाच आहे," धाकटी म्हणाली. "तुला तर सवय आहे, दादा."

मग चहा होईपर्यंत सगळ्यांनी त्या बिचाऱ्या सिनेमाची हजेरी घेतली. दादाचं म्हणणं, त्या नटाचा वरचा पुढचा दात बसवलेला आहे, आणि तरुणपणीच्या प्रसंगांतही तोच दात तसाच, म्हणजे दिग्दर्शकानं जरा तोंड उघडून बघायला हवं होतं. ताईचं लक्ष त्याच्या चष्म्यावर होतं. त्यात काचाच नव्हत्या. रडताना त्यानं चष्मा काढलासुद्धा नाही, सरळ फ्रेममधून बोट घालून डोळा पुसला असता तरी चाललं असतं. वहिनीनं सांगितलं, की त्या खोलीत सूर्य ज्या खिडकीत उगवतो त्याच खिडकीत मावळतो. यावर दादा तिच्याकडे वळून म्हणाला, "तो परत येतो ना?" आणि ताई नेहमीसारखी हसली.

"मला आवडला," आतून आई म्हणाली. "भांडी नीट घासतो तो. बुडाखालूनही."

धाकटी म्हणाली, की तिनं वाचलेल्या सगळ्या परीक्षणांत इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही. फोन कुणाचा होता हे मात्र कळायला हवं होतं, असं दादाचं मत पडलं. आईनं विचारलं, त्याला कळलं ना कुणाचा ते, मग तुला कशाला पाहिजे?

*

दादाला त्या दिवशीचा पहिला धक्का चहाच्या वेळी बसला, आणि तो कुणाला दिसला नाही. ताई कप वाटत होती. बाकीच्यांना तिनं ट्रे पुढे केला. घड्याळवाल्यांचा कप तिनं उचलला, कान डावीकडे फिरवला आणि मग त्यांच्या हातात दिला. घड्याळवाले डावखुरे होते. हे दादाला त्या क्षणी कळलं, आणि ताईला ते केव्हापासून माहीत आहे हेही.

दादा वाईट माणूस नव्हता. ताई रोज दुकान बंद करून येई, आईच्या डोळ्यांत थेंब घाली, तासभर तिच्याशी बोलत बसे, आणि तेवढ्यात दादा आणि वहिनी फिरून येत. हा तास आपल्याला कुणीतरी देतंय असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. नळाला पाणी यावं तसा तो यायचा. आता कपाचा फिरलेला कान बघून पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, की नळ जाऊ शकतो. त्यानं ठरवलं, सिनेमा संपला की ताईला बाजूला घेऊन काय ते विचारायचं. अगदी हळुवार. सहा महिने तरी थांब म्हणायचं.

घड्याळवाल्यांनी चहा संपवला आणि कप घड्याळाची काच ठेवावी इतक्या काळजीनं खाली ठेवला. त्यांचं काही ठरवायचं उरलं नव्हतं. टपालगाडीचा सिनेमा त्यांनी तरुणपणी तिकीट काढून बघितला होता, आवडला म्हणून पुन्हा तिकीट काढून बघितला होता. ताई काउंटरवरून म्हणाली, शेवटपर्यंत बघा, तेच माझं उत्तर, तेव्हाच ते समजले. बाई गाडीत बसते खरी, पण परत येते. नकार इतका सभ्यपणे, चार लोकांत बसवून, चहा देऊन कळवणारी बाई आपल्याला आवडावी, याचं त्यांना बरंच वाटलं होतं. ते आले ते नाही म्हटलेलं नीट ऐकून घ्यायला. आणि सामान परत करायला. वर्तमानपत्रात ताईच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ होतं. मागे पडतं म्हणून तिनं मागच्या वर्षी दुरुस्तीला दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते बरं झालं होतं, पण ते दुरुस्त झालं नाही तोवर ती विचारायला रस्ता ओलांडून येई, म्हणून त्यांनी ते बरं होऊ दिलं नव्हतं. दुकानाच्या मालकाला ते उद्या कळवणार होते: पुढच्या वर्षाचा करार करायचा नाही, बहिणीच्या गावी चाललो.

ताईनं वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातून डोकावणारा घड्याळाचा पितळी काठ ओळखला होता. ती मनात म्हणाली, चला, सामान यायला सुरुवात झाली.

*

जुना सिनेमा कुणी गप्प बसून बघत नाही. पोस्टातली बाई पहिल्यांदा दिसली तेव्हा धाकटी म्हणाली, की साफ केलेल्या प्रतीत हिच्या पदराचे काठ पहिल्यांदा नीट दिसले. ड्रायव्हर बोलायच्या आधी दादा त्याची वाक्यं बोलत होता, आणि ड्रायव्हरपेक्षा बऱ्या आवाजात. "आज धुकं आहे," दादा म्हणाला. "आज धुकं आहे," ड्रायव्हर म्हणाला. तिकिटांवर शिक्के मारताना बाईचा हात थरथरतो, त्या ठिकाणी वहिनीनं डोळ्यांना रुमाल लावला, आणि दादानं तिला आठवण करून दिली, की रडायची जागा पुढे आहे. ती परत येते ना, तिथे.

"बघाच तुम्ही," वहिनी म्हणाली. "वन्संनाही बघू दे."

बाईनं कुलूप लावलं. दगड उचलला, किल्ली ठेवली, दगड पुन्हा जागेवर बसवला. ड्रायव्हरनं शेजारच्या सीटवरचं पोतं उचलून मागे टाकलं. ती बसली. दार लागलं.

"बरं केलं तिनं," आतून आवाज आला.

ताई उठली, दिव्याच्या बटणापाशी गेली आणि घसा साफ केला. पण धाकटी म्हणाली, थांब, अजून आहे, ते घाटाचं रीळ. दादाही म्हणाला, की चालू दे, आज तुमच्या वहिनीसाठी घाट बघूच, भूगोल आहे. ताई बटणावर हात ठेवून उभी राहिली. चार मिनिटं उशिरा बोलल्यानं काही बिघडणार नव्हतं.

गाडी घाट उतरू लागली. बाबांनी सांगितलं होतं अगदी तसं. वळण आलं, गाडी वळली. पुन्हा वळण आलं. दादा दर वळणाला वहिनीकडे बघून मान डोलवत होता. खाली दिवे दिसायला लागले.

आणि गाडी थांबली.

बाई खाली उतरली. ड्रायव्हर तिच्याकडे बघत राहिला. ती चढ चढायला लागली. संगीत नव्हतं, नुसते चपलांचे आवाज, आणि जितकी वळणं गाडी उतरली होती तितकी सगळी ती पायी चढली. दादाची मान आता डोलत नव्हती. बाईनं दगड उचलला, किल्ली घेतली, दार उघडलं. पोस्टात कंदील लागला. खाली, खूप खाली, गाडीचे दिवे एकदा विझले, एकदा पेटले, आणि निघून गेले.

ताईनं दिवा लावला नाही. तिच्या हाताखाली बटण होतं हे ती विसरली होती. शेवटी धाकटीनं लावला.

सगळे वहिनीकडे बघत होते. इतकी वर्षं तुंबलेलं आता काय काय बाहेर येतंय, म्हणून दादानं तर खांदे पाडूनच घेतले. पण वहिनीचं दादाकडे लक्ष नव्हतं. ती बटणापाशी उभ्या असलेल्या ताईचा चेहरा बघत होती, मग तिनं घड्याळवाल्यांचा बघितला, आणि घरातल्या कुणीही कुठलंही गणित मांडायच्या आत तिला उत्तर आलं. ती रुमालाची घडी घालत राहिली.

घड्याळवाले उठले. काउंटरवर त्यांनी वर्तमानपत्र सोडलं.

"घड्याळ आणलंय तुमचं," ते ताईला म्हणाले. "आता मागे नाही पडणार. आणि उत्तर कळलं. सिनेमा छान निवडलात, खरंच. येतो मी."

"कसलं उत्तर?" दादानं विचारलं, जरी त्याला कळलं होतं.

घड्याळवाले दाराशी जाऊन बुटाची नाडी बांधायला बसले. ताईनं तोंड उघडलं. त्यातून एवढंच बाहेर आलं, की हा शेवट नाही. म्हणजे हा तो सिनेमा नाही. धाकटीनं प्रतीच्या डब्यावरचं नाव पाहून घेतलं, सिनेमा तोच होता. प्रत चुकीची असेल, दादा म्हणाला. साफ करताना हल्ली काहीही जोडतात. त्यावर कुणी हसलं नाही, दादासुद्धा.

"खुर्ची वर घे रे," आतून आई म्हणाली.

दादा आत गेला, त्यानं कळ दाबली. ती खुर्ची घाईची नाही. घुं घुं करत, आईचं डोकं आधी, मग खांदे, असं ती हळूहळू सरळ होत गेली, आणि ती पूर्ण बसती होईपर्यंत बाहेर सगळे, एका बुटातल्या घड्याळवाल्यांसकट, थांबून राहिले.

"प्रत बरोबर आहे," आई म्हणाली. "हे रीळ मी बघितलेलं आहे. तिकीट काढून, खाली लोकांत बसून."

"ऑपरेटरची बायको, आणि तिकीट?" दादा म्हणाला.

"त्या दिवशी मला तुमच्या बाबांच्या केबिनमध्ये बसायचं नव्हतं."

हे कशामुळे, ते कुणी विचारलं नाही. आईनंही थांबून कुणाला विचारायला जागा दिली नाही. "ती गाडीत बसली तेव्हा मला फार बरं वाटलं. मग ती परत आली. मग मीही आले, घरी. स्वयंपाक केला. रात्री ह्यांना म्हटलं, पोरींना हे रीळ दाखवायचं नाही. ते म्हणाले, विचारलं तर सांगू काय? मी म्हटलं, घाट सांगा."



"म्हणून टीव्ही," धाकटी म्हणाली.

"म्हणून टीव्ही." आईनं ट्रेमधली एक गोळी तोंडात टाकली आणि ताईकडे पाहिलं. "मला वाटलं होतं तू निदान गाडीपर्यंतचा तरी सिनेमा धरून चालशील. सिनेमा झाला आता. तोंडानं बोल. त्यांचा दुसरा बूट घालून होतोय."

ताई दाराशी गेली. तिथे दोन पावलांवर दादा, वहिनी, धाकटी उभे होते आणि आत खुर्चीत आई ताठ बसलेली. चार लोकांत बोलायचं नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप केला होता.

"मी शेवट बघितलाच नव्हता," ती घड्याळवाल्यांना म्हणाली. "कधीच. माझ्या सिनेमात ती जाते."

घड्याळवाल्यांनी वर पाहिलं. त्यांच्या हातात नाडीची दोन टोकं होती. "पण ती परत येते," ते म्हणाले.

"वहिनीही तेच सांगायची. आम्ही तिचं कधी ऐकलं नाही. हसलो." ताईनं मागे वळून पाहिलं. "मी सगळ्यात जास्त. तुझं खरं होतं, वहिनी." मग पुन्हा पुढे, आणि आता आवाज बारीक झाला होता. "माझं हो आहे. सिनेमात काय आहे ते असू दे."

घड्याळवाल्यांनी पहिल्या बुटाची बांधलेली नाडी सोडली. मग, काय करावं ते न सुचून, पुन्हा बांधली.

दादानं घसा साफ केला. त्याला वाटत होतं तो हळुवार बोलतोय. म्हणाला, की आनंदच आहे, पण यात घाई काय आहे, आईच्या डोळ्यांचं आहे, संध्याकाळचं आहे, सहा महिने सगळ्यांनी शांतपणे...

"आईंच्या डोळ्यांत थेंब मी घालीन," वहिनी म्हणाली. "आणि घाबरू नका एवढे. ताई कुठे घाट उतरून चालल्यात? दोन गल्ल्या पलीकडे." तिनं नवऱ्याकडे अगदी गंभीर चेहऱ्यानं पाहिलं. इतकी वर्षं तिच्यासमोर तो ज्या चेहऱ्यानं विचारायचा, तोच. "ती परत येते ना."

पहिली हसली ती ताई. नेहमीसारखीच, पण या वेळी वहिनीच्या बाजूनं.

वहिनीनं तिला वन्सं म्हटलं नव्हतं, हे फक्त आईच्या ध्यानात आलं.

*

मग उरलेलं काम हातोहात वाटलं गेलं. घड्याळवाल्यांनी काउंटरवरचं घड्याळ पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं. ताई म्हणाली, ते आता दुकानात कशाला, घरी लागेल, आणि हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ती काय बोलली. कपबश्या दादानं धुतल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण तो दवाखान्याच्या बेसिनपाशी उभा राहून एकेक कप घासत होता, बुडाखालूनही, आणि मध्येच एकदा फोन वाजला तेव्हा आपल्या ओल्या हातांकडे बघत थांबला. धाकटीला हसू आवरेना. दादाला कळायला जरा वेळ लागला. मग तोही हसला. फोन एका पेशंटचा होता, दाढ दुखत होती. उद्या या, म्हणाला. सहा महिने थांबा म्हणाला नाही.

ताईला जे फुकटात पदरात पाडून घ्यायचं होतं त्यातलं काही फुकटात मिळालं नाही. तोंडानं बोलावं लागलं, तेही सगळ्यांदेखत, आणि वर वहिनीची माफीही मागावी लागली. दादाचा संध्याकाळचा तास गेला, निदान अर्धा. धाकटीला यापुढे प्रत्येक सिनेमा शेवटपर्यंत तपासून आणायची शिक्षा झाली.

पण टपालगाडीचं म्हणाल, तर या खोलीतल्या सगळ्यांत शेवटचं रीळ तिघांनीच तिकीट काढून बघितलं होतं. बाकीच्यांनी भोकातून, फुकट, सोयीच्या जागेपर्यंत. वहिनीचं तिकीट त्या दिवशी वसूल झालं. घड्याळवाल्यांनी दोनदा काढलेलं, दोन्ही वसूल.

तिसऱ्याचं काय, ते कुणी विचारलं नाही. धाकटी प्रोजेक्टर आवरायला लागली तेव्हा आई आतून म्हणाली, की एवढ्यात बंद करू नकोस, ते कुलूप लावते तिथून जरा लाव. गाडी सुटेपर्यंतच. आणि दादा, खुर्ची खाली घे.